चालू वर्षाचं काम

डोंगर चढता चढता सरजाबाईला फक्कीची रेघ दिसली आणि ती मधेच थांबली. पांढरी, ताजी रेघ. टेकाडाच्या अंगानं आलेली, तरवडाच्या जाळीला वळसा घालून सरळ तिच्या तुकड्यात घुसलेली. पहिला बांध, दुसरा बांध, तिसरा बांध, कशाचीच भीड न धरता ती वर गेली होती.

"कोनं टाकली वं ही?"

मागून धापा टाकत येणारी साखराबाई म्हणाली, "कोन टाकंल? काल सांजच्याला सायब दुर्बीण लावून बसला व्हता की. समद्या डोंगराला पट्टे वढलेत. चल, हजेरी जाईल."

सावरदऱ्याच्या डोंगरावर रोजगार हमीचं काम निघून तीन आठवडे झाले होते. लागोपाठ दुसऱ्या वर्षी पावसानं पाठ फिरवली होती. विहिरीच्या तळाशी बाया वाटीनं पाणी भरत होत्या. त्यातच जिल्हा नवा. लातूर जिल्हा वेगळा होऊन चारच वर्षं झाली होती आणि नव्या जिल्ह्याला काहीतरी नवं करून दाखवायची घाई असते. जुन्या जिल्ह्यानं हा डोंगर होता तसा उघडाबोडका सोडला होता. नव्यानं तो हिरवा करायचं ठरवलं. चर खोदायचे, दगडी बांध घालायचे, झाडं लावायची, चराई बंद. पायथ्याला तशी पाटीही लागली होती. पाटी मात्र वेळेवर लागली, एवढं कबूल केलं पाहिजे.

सरजाबाईचा तुकडा पावणेदोन एकराचा. गायरानाचा, उताराचा, तिच्या नवऱ्यानं, ग्यानोबानं फोडलेला. धम्म घेतल्यावर ग्यानोबानं गावची मेलेली जनावरं ओढायचं सोडलं आणि गावानं त्याला मजुरीला बोलवायचं सोडलं. तेव्हा तो पहार खांद्यावर टाकून डोंगरावर चढला. त्याला एकवीस वर्षं झाली. पहिल्या वर्षी नुसता मुरूम. बी टाकलं की पावसात बियाणं, माती, सगळं खाली पाटलाच्या रानात जायचं. मग दोघं नवराबायको उन्हाळ्यात दगड वेचून आडवे बांध घालू लागली. पहिला वाहून गेला, पुन्हा घातला, पुन्हा गेला. आता पाच बांध होते, छातीएवढ्या उंचीचे, आणि प्रत्येकाच्या मागं गुडघाभर माती. ग्यानोबा पाचवा बांध अर्धा असताना छातीत कळ येऊन गेला. उरलेला अर्धा सरजाबाईनं पोराला हाताशी घेऊन पुरा केला.

मुकादम गुरुपादप्पा चिंचेखाली हजेरीपट घेऊन बसला होता. निलंग्याकडचा माणूस, वाईट नव्हता, पण रागावला की कानडीत शिरायचा.

"मुकादम, ती रेघ माज्या रानातून गेलीय."

"रान? कसलं रान?" त्यानं नकाशाची सुरळी उलगडली. "इथं पडीक माळ लिवलंय."

"पडीक? तूर निघती त्यात."

"कागदावर न्हाई निघत." त्यानं सुरळी गुंडाळली. "आनी हे बघ, सरजाबाई. खाली नाल्याच्या बांधाला दगड कमी पडून राहिला. तुज्या त्या उताराला लई दगड हाय. सोमवारपासून टोळी तिकडं लावतो."

"ते पडलेले दगड न्हाईत. लावलेले हायत."

"इल्ला, इल्ला! मला नको सांगू. मोठ्या कचेरीतून कागद आन."

कागद! सगळं घोडं तिथंच अडत होतं. आणि त्यात दोष द्यायचा तर ग्यानोबालाच द्यावा लागत होता.

गायरान कसणारे बौद्धवाड्यात सात जण. बाकी सहा जणांना तलाठ्यानं वेळोवेळी पकडलं, अतिक्रमणाचे पंचनामे केले, तालुक्याला उभं केलं, दगडोबाला तर दिवसभर उन्हात बसवलं. ग्यानोबा भित्रा नव्हता, पण मानी होता. चोरासारखं कचेरीत उभं राहणं त्याला नको होतं. म्हणून तो दरसाल दिवाळीला एक तुरेवाला कोंबडा तलाठ्याच्या दारात पोचवायचा. तलाठी कोंबडा घ्यायचा आणि डोंगराकडं बघायचा नाही. एवढ्या वर्षांत ग्यानोबाच्या नावानं एक पंचनामा नाही. वाड्यात तो छातीवर हात मारून सांगायचा, "आपलं नाव गुन्ह्यात न्हाई." आता सरकारनं गायरानं कसणाऱ्यांच्या नावावर कायम करायची भाषा काढली, तेव्हा पुरावा म्हणून काय मागितलं? पंचनामा. तोच दगडोबा आता जुना, चुरगळलेला पंचनामा प्लास्टिकच्या पिशवीत घालून मिरवत होता. आणि सरजाबाईजवळ तिच्या नवऱ्याची अब्रू तेवढी होती. ती कुठल्याच खिडकीवर चालत नव्हती.

शनिवारची हजेरी बुडवून ती आणि तिचा मुलगा रामकिशन एसटीनं जिल्ह्याला गेले. कचेरीत पहिल्या खिडकीवरून तिसऱ्या खिडकीवर, तिसऱ्यावरून मागच्या खोलीत. तिथं लाल फडक्यात बांधलेल्या गठ्ठ्यांच्या राशी होत्या आणि त्यांच्या मधोमध एक कारकून डबा खात बसला होता. दोघं दारात उभी राहिली. त्यानं भाकरीचा शेवटचा घास संपवला, हात धुतला, रुमाल झटकून खिशात ठेवला आणि मग वर बघितलं.

"सावरदरा? ते दप्तर अजून जुन्या जिल्ह्यातच असेल. थोडं आलंय, थोडं यायचंय."

"चार वर्सं झाली की, सायब," रामकिशन म्हणाला.

"दप्तर काय पायानं चालत येतं?" तरी तो उठला. एक गठ्ठा सोडला, बोट थुंकीनं ओलं करून पानं उलटली. "हां, अतिक्रमणाची यादी आहे ही. दगडोबा आहे... आणखी पाच जण आहेत. ग्यानोबा नाही."

"न्हाई कसं? आमी एकवीस वर्सं कसून राहिलो."

"यादीत नाव नाही म्हणजे तुमचं अतिक्रमण नाही, बाई. तुम्ही चांगली माणसं. ज्यांनी अतिक्रमण केलं त्यांचं कायम करायचा प्रश्न येतो. तुमचा प्रश्नच येत नाही."

सरजाबाईला क्षणभर कळेना की हा चेष्टा करतो का खरंच बोलतो. तो खरंच बोलत होता.

"माजे बांध हायत तितं. पाच."

"मग बांध घेऊन या इथं," कारकून म्हणाला आणि स्वतःच हसला. मग बरं वाटावं म्हणून त्यानं एक अर्ज लिहून दिला, आवक खात्यात टाकायला लावला. सरजाबाईनं त्यावर सही केली. मागच्या साली रात्रीच्या प्रौढ वर्गात ती सही शिकली होती. 'सरजाबाई ग्यानोबा' एवढं लिहायला तिला बराच वेळ लागला, आणि मागं रांगेत उभा असलेला माणूस च्यक च्यक करत राहिला.

सोमवारी टोळी बांधावर आली. पंधरा बाया, अकरा गडी, पहारी, टिकाव, घमेली. सरजाबाई पहिल्या बांधावर जाऊन बसली. भांडली नाही, ओरडली नाही, पदर डोक्यावर ओढून नुसती बसली. तिच्या शेजारी तिची सून पंचशीला उभी राहिली. टोळीतल्या कुणालाच पहिला दगड काढायला पुढं व्हावंसं वाटेना. ह्यातले निम्मे लोक वाड्यातलेच होते.

"सरजाबाई, ऊठ. दिवस चाललाय," गुरुपादप्पा म्हणाला.

"आदी मला काढा, मग दगड."

"अगं, सरकारी काम हाय!"

"हे बी कामच हाय की. ह्याला काय खेळ म्हनता?"

मागून साखराबाई पुढं आली. तिचा चेहरा रडवेला झाला होता. "सरजा, मी तुला काय सांगावं? तू म्हनशील तसं. पन काम बंद पडलं तर आमी कुटं जावं? माज्या दोन पोरी हायत गं घरी." सरजाबाईनं तिच्याकडं बघितलं नाही. बघितलं असतं तर उठावं लागलं असतं.

तेवढ्यात दुर्बीण लावून रेघा आखणारा ओव्हरसियर आला. तरणा माणूस, उन्हानं नाक सोललेलं, डोक्यावर टोपी. मुकादमानं तक्रार सांगायला तोंड उघडलं, पण तो ऐकत नव्हता. तो बांधाच्या मागं गेला, उकिडवा बसला आणि हातानं माती उकरू लागला. वरची माती पांढरीफटक, भेगाळलेली. वीतभर खाली काळी. आणखी वीतभर खाली त्यानं मूठ भरून माती वर काढली आणि दाबली. तिचा गोळा झाला. अख्ख्या डोंगरावर थुंकायला ओल नव्हती आणि इथं मातीचा गोळा होत होता.

मग तो बांधाच्या टोकाला गेला. तिथं जास्तीचं पाणी उतरायला दगडांची पायरी पायरी केलेली होती. ती त्यानं बराच वेळ बघितली.

"हा सांडवा असा ठेवायला कुणी शिकवलं तुम्हाला?"

"पान्यानं," सरजाबाई बसल्या जागेवरून म्हणाली. "दोनदा समदं घेऊन गेलं. तिसऱ्यांदा कळलं."

ओव्हरसियर हसला नाही. "मी आठ वर्षं हेच काम करतोय. असा बांध आमच्या हातून एक झाला नाही." त्यानं टोपी काढून घाम पुसला. टोळीला त्यानं चिंचेखाली पाठवलं आणि सरजाबाईच्या समोर दगडावर बसला.

"हे बघा, खरं सांगतो. वरच्या अंगाला कातळ लागलाय. टिकाव उडतोय नुसता. बुधवारी पाहणी आहे, मोठे साहेब येणार. दगडी बांध जेवढे दाखवायचे त्याच्या तिसऱ्या हिश्शानंही झालेले नाहीत. नाही दाखवले तर काम बंद होईल, टोळी घरी जाईल. तुमचे हे बांध मोडून नाल्याला घालणं म्हणजे पाप आहे. मला ते करायचं नाही."

"मग करू नका."

"मी हे पाचही बांध चालू वर्षाचं काम म्हणून मापात धरतो. एक दगड हलणार नाही. त्या रेघेवरचा चरसुद्धा बाहेरून वळवतो. काम चालू राहील, सगळ्यांच्या हजेऱ्या लागतील. फक्त तुमचा एक जबाब पाहिजे. तुम्ही कचेरीत अर्ज दिलाय म्हणे, तो चौकशीला माझ्याकडंच येणार. जबाब एवढाच, की इथं कुणाचा कबजा नव्हता, पडीक होतं, आणि हे बांध टोळीनं यंदा घातले."

सरजाबाई त्याच्याकडं बघत राहिली. "आनी पेरायचं?"

त्यानं टोपी हातात फिरवली. "पेरणी नाही. पाच वर्षं नांगर नाही, चराई नाही. झाडं लागतील."

"पाच वर्सानं?"

"तेव्हा मी इथं नसेन," तो म्हणाला. निदान खोटं तरी बोलला नाही.

संध्याकाळी घरात चूल पेटायच्या आधी भांडण पेटलं. जबाबाचा कागद ओव्हरसियरनं आधीच लिहून दिला होता. पंचशीला सातवी शिकलेली. तिनं दारातल्या उजेडात तो वाचून दाखवला. "सदर जागी पूर्वी कोणाचीही वहिवाट नव्हती. सदर बांध चालू वर्षी मजुरांनी..." ती थांबली. "आत्या, हे आपल्याच तोंडानं म्हनायचं? मामंजी तितं राबराब राबले, आनी आपन म्हनायचं, इतं कोनी नव्हतं?"

"मग काय करायचं?" रामकिशन खेकसला. "जबाब न्हाई दिला तर दगड बी जातेत, माती बी जाती, रान तर गेलंच हाय. कागदावर आपन हावच कुटं? आनी वर टोळीच्या शिव्या. माय, बांध तरी राहतेत."

"बांध राहून काय चाटायचेत? त्याच्यात निलगिरी लावनार म्हनं."

"तू गप बस."

"कामून गप बसू? मी बी दगड उचललेत."

सरजाबाई भिंतीला टेकून बसली होती. तिला सगळ्यांचाच संताप येत होता. कोंबडा नेणाऱ्या ग्यानोबाचा, हसणाऱ्या कारकुनाचा, पोटच्या पोराचा, कारण तो खरं बोलत होता, आणि सगळ्यांत जास्त त्या सोललेल्या नाकाच्या ओव्हरसियरचा. त्यानं बांध ओळखला होता. एकवीस वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी सांडव्यापाशी थांबून नीट बघितलं होतं, आणि बघून काय मागितलं, तर हे. दुसऱ्या कुणी मागितलं असतं तर तिनं तोंडावर कागद फेकला असता.

पाऊस पडेल, तेव्हा माती खाली जाईल. हे एकच तिला पुन्हा पुन्हा दिसत होतं. बांध मोडला की पहिल्याच वळवात गुडघाभर माती नाल्यात. कुणाच्या का नावावर असेना, ती माती तिथं टोपल्याटोपल्यानं जमली होती.

"सकाळी देते जबाब," ती म्हणाली. पंचशीला उठून बाहेर गेली आणि अंगणात उगाचच भांडी आपटत राहिली.

सकाळी ओव्हरसियरनं कागद दगडावर पसरला आणि पेन पुढं केलं. सरजाबाईनं पेन घेतलं नाही. तिनं डाव्या हाताचा अंगठा पुढं केला.

"तुम्हाला सही येते ना? हजेरीपटावर करता की."

"येती. पन ती माजी सही हाय. ह्याला अंगठा घ्या."

ओव्हरसियरनं पेन खिशाला लावलं. शाईचा डबा त्यानं पिशवीतून काढला, तोही शोधावा लागला. अंगठा उठला. सरजाबाईनं बोट मातीत घासलं, तरी निळं राहिलंच. टोळीतल्या बाया घमेली उचलून नाल्याकडं निघाल्या. साखराबाई जाता जाता तिच्या खांद्याला हात लावून गेली. सरजाबाईनं तो हात झटकला नाही, पण धरलाही नाही.

बुधवारी तीन जीपा आल्या. गुरुपादप्पानं आदल्या दिवशीच सांगितलं होतं, धुतलेली लुगडी नेसून या. मोठे साहेब चढावावर दमले, दोनदा थांबले, पण बांधापाशी आल्यावर खूश झाले. ते बांधावरून चालत गेले. पाय आपटून बघितले.

"तीन आठवड्यांत? उत्तम काम आहे," ते म्हणाले. "डोंगर वाचले तर गावं वाचतील. हे लोकांना कळायला पाहिजे."

ओव्हरसियर खाली बघत होता.

"मजुरांबरोबर फोटो घ्या. काम चालू असताना."

काम तर चालू नव्हतं. बांध पुरा होता. मुकादमाची धावपळ झाली. "सरजाबाई, तो वरचा एक दगड काढ. आनी ठेवताना फोटो. पटकन."

सरजाबाईनं वरच्या थरातला लांबट दगड दोन्ही हातांनी हलवला. तो सहज निघेना. पंचशीलानं पहारीचं टोक घातलं, तेव्हा तो सुटला. दगडाखाली गवताच्या मुळ्यांची जाळी होती, पांढरी, दाट, दगडाच्या आकाराचीच झालेली. वर्षानुवर्षं वाढल्याशिवाय अशी जाळी होत नाही. मोठ्या साहेबांच्या बुटापासून ती हातभर अंतरावर होती. त्यांचं लक्ष फोटोवाल्याकडं होतं. त्यांनी टोपी सरळ केली.

"उचल... हां... आता ठेव. वर बघा बाई, वर!"

फोटो निघाला. आणखी एक निघाला. साहेब उतरायला लागले, त्यांच्यामागं सगळे. खाली पाटलाच्या घरी जेवण होतं. थोड्या वेळानं जीपा सुरू झाल्याचा आवाज आला आणि धुळीचा लोट वर चढला.

"चला, नाल्यावर चला," गुरुपादप्पा ओरडला.

सरजाबाई वाकलेलीच होती. दगड बसत नव्हता. काढताना खालच्या दगडाची कड तुटली होती. एका बाजूला दाबलं की दुसरी बाजू वर यायची.

"सरजाबाई, सोड की आता. निघाला फोटो."

"डुगडुगतोय."

"डुगडुगू दे! तुजं काय जातंय आता?"

तिनं वर बघितलं. त्या नजरेनं गुरुपादप्पा जरा मागं सरला, पण त्यालाही टोळी न्यायची होती. "बघ बाबा. ह्याची हजेरी लागत न्हाई, आधीच सांगतो," म्हणून तो निघून गेला.

सरजाबाईनं दगड उलटा करून बघितला, आडवा करून बघितला, पुन्हा होता तसा ठेवला. पंचशीला दोन दिवस सासूशी बोलली नव्हती. पण ती टोळीबरोबर गेली नव्हती. तिनं खालून चपटी कपची शोधून आणली आणि न बोलता पुढं धरली. ती जाड निघाली. दुसरी आणली. सरजाबाईनं ती फटीत घातली, हाताशी दुसरा दगड घेऊन ठोकली. ऊन डोक्यावर आलं होतं. ठोकताना एकदा बोटावर बसलं, तेव्हा तिनं नवऱ्याला, सरकारला आणि त्या दगडाला एकदमच एक शिवी घातली. मग ती बांधावर चढली आणि त्या दगडावर दोन्ही पाय रोवून उभी राहिली. अंग इकडं टाकून बघितलं, तिकडं टाकून बघितलं. दगड हलला नाही.

ती खाली उतरली, घमेलं काखेला मारलं आणि दोघी नाल्याकडं चालू लागल्या. त्या बांधावर चालू वर्षी झालेलं काम म्हणाल तर तेवढंच. मुकादमानं त्यापायी दोघींची अर्धी हजेरी कापली.